बांधावर उघडलेली बेडी

सन १९३६, जानेवारीतली सकाळ, आठचा सुमार. निपाणीपासून दोन कोसांवर, चिकोडी तालुक्याच्या अगदी कडेच्या एका गावात, तंबाखूच्या रानात एक माणूस धरला गेला. ज्या बेडीने त्याला धरलं, ती मी. मी बोलतेय.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यातला. दोन कडी, मध्ये आखूड साखळी आणि एक किल्ली, एवढाच माझा देह. बोटीने मुंबईला, आगगाडीने बेळगावला आणि तिथून टपाच्या बैलगाडीने या भागात आले. चोर पाहिले, दारू गाळणारे पाहिले. तीस सालच्या चळवळीत खादीची टोपी घातलेला एक मास्तरही पाहिला. त्याला तर हद्दीपलीकडच्या संस्थानच्या मुलखातून, सासऱ्याच्या सोप्यावरून जेवता जेवता उठवून आणलं होतं. त्या दिवशी हद्दीचं नावही कुणी काढलं नव्हतं.

मग बायका मरू लागल्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम मिळेल म्हणून एकट्या निघालेल्या बायका. कुणी ओढ्यात सापडे, कुणी पडक्या विहिरीत. प्रत्येकीच्या गळ्याला तिच्याच पदराचा फास. काही प्रेतं इंग्रजी मुलखात, काही पलीकडच्या संस्थानात. इकडची कचेरी इकडच्या मोजी, तिकडची तिकडच्या. हे सगळं एकाच हाताचं काम आहे, असं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

तसं म्हणाले ते बाबगोंडा पाटील. ते गावचे पोलीस पाटील, जैन शेतकरी, दिवस मावळायच्या आत जेवणारा शांत माणूस. त्यांचे पाहुणे दोन्ही मुलखांत. मर्तिकाला दोन्हीकडे जात. दोन्हीकडे त्यांनी तोच फास ऐकला. ठाण्यात खेटे घालून त्यांनी मला मागून आणलं.

आणि मनुबाई वाचली. अनगोळहून माहेरच्या ओस घरात एकटीच परत आलेली विधवा. वखारीतला भरमू मुकादम कामावर लावतो म्हणून तिला उसातनं घेऊन गेला आणि मागून पदर आवळला. तिने त्याचं मनगट कडाडून चावलं आणि पळाली.

पाटलांनी भरमूला गाठलं ते स्वतःच्याच रानात. त्याच्या उजव्या हातात माझं एक कडं अडकवलं आणि दुसरं स्वतःच्या डाव्या हातात. कड्याखाली मला दातांचे व्रण लागले. तेव्हाच मी भ्याले. पाटलांनी साखळी दोनदा ओढून पाहिली. भरमूची नाडी मात्र झोपलेल्या माणसासारखी चालली होती.

चावडीत मनुबाईला ओळख पटवायला बोलावलं. ती उंबऱ्यातच थांबली.

"पाटील अण्णा, त्यो सुटला तर वो?"

"सुटतोय कशाचा? ही बघ की, इलायती बेडी हाय. हत्ती बांधला तरी तुटायची न्हाय. ये, हात लावून बघ."

तिने मला हात लावला. तिची बोटं बर्फासारखी होती. मग मान वर करून म्हणाली, "ह्योच."

फौजदार आणि त्यांचा कारकून आले होते. जबाब सुरू झाला. कारकून म्हणाला, "पूर्ण नाव, गाव, गल्ली. मोठ्यानं सांग."

मनुबाईने भरमूकडे बोट केलं. "ह्येच्यासमोर?"

"कायदा आहे बाई. आरोपीला ऐकू गेलं पाहिजे."

तिने सांगितलं. कारकुनाने ते पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं. मारुतीच्या देवळामागची गल्ली, शेवटचं घर, सोबत कुणी नाही. भरमू मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती.

नंतर फौजदारांनी विचारलं, "पाटील, धरलात कुठं?"

"माझ्याच रानात, साहेब."

"बांधाच्या अलीकडं की पलीकडं?"

पाटील गोंधळले. "पलीकडं. पर रान एकच हाय. आमचा आज्जा एकाच नांगरानं नांगरत होता."

"रान तुमचं असेल. बांधापलीकडची जमीन संस्थानची. तिथं तुम्हाला अटकेचा अधिकार कुणी दिला?"

"मग चार पावलं अलीकडं आणून परत धरतो की!"

"आणि संस्थानाला उत्तर कोण देणार? तुमचा आज्जा?"

कारकून हसला. पुढे फौजदारांनी रस्ता समजावला. इथून चिकोडी, चिकोडीहून बेळगाव, तिथून संस्थानांवर देखरेख ठेवणारे कोल्हापूरचे एजंटसाहेब, मग दरबारची संमती. तोवर आरोपीला होता तिथं नेऊन संस्थानच्या शिपायाच्या ताब्यात द्यायचं.

पाटलांनी फौजदारांचे पाय धरले. मी अजून पाटलांच्या हातात होते, त्यामुळे भरमूलाही वाकावं लागलं. हसू दाबताना त्याला बसलेला हिसका मला साखळीतून कळला.

दुसऱ्या दिवशी बांधावर संस्थानचा शिपाई आलाच नाही. त्यांच्याकडे लेखी पोचलं नव्हतं म्हणे. फौजदारांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, घड्याळ खिशात टाकलं आणि किल्ली फिरवली. मी लोखंडाची. पण त्या क्षणी मला गंजून घट्ट बसावंसं वाटलं. नुकतंच तेल दिलेलं होतं, लगेच उघडले. भरमूने मनगट चोळलं, पाटलांना रामराम घातला आणि तंबाखूच्या रोपांतून चालता झाला.

पाटील तसेच मनुबाईच्या घराकडे धावले. तिला आपल्या घरी आणलं, आठ दिवस ठेवलं. नवव्या दिवशी ती पाटलांच्या बायकोला म्हणाली, "आक्का, कोंबड्या उपाशी मरत्याल. सांजच्याला येतो." भर दुपारी गेली. पाटील सांजेला आणायला गेले तेव्हा दार सताड उघडं होतं. चुलीवर भाताचं पाणी उकळत होतं.

आता सत्तेचाळीस साल चाललंय. मी ठाण्याच्या कपाटात पडून आहे. साहेब बदलतायत, खुर्च्या बदलतायत, प्रत्येक नवा माणूस कपाट उघडून मला मोजतो आणि परत ठेवतो. बाबगोंडा पाटील वारले. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाचं त्या ठाण्यात जाणं झालं, तर मला मोजू नका, मनुबाईचं काय झालं ते विचारा.

भरमू मुकादमाला पुन्हा कुणी धरलं नाही. आणि मनुबाई इकडच्या हद्दीत सापडली नाही, तिकडच्याही नाही.