दावणीला बांधलेली सायकल

मित्रांनो, मी डोंगरात चालवायची एक जुनी पोलादी सायकल आहे. सध्या माझा मुक्काम लोणावळ्याजवळच्या औंढे गावात, रखमाजीआबांच्या गोठ्यात असतो. गोठ्यात गव्हाण आहे, दावण आहे, बैल मात्र नाहीत. दोन वर्षांपूर्वी आबांचे गुडघे थकले आणि शेवटची जोडी दुसऱ्याच्या दाराशी गेली. त्या जागी आता मी उभी असते. माझ्या हँडलला दावं बांधलेलं आहे. मी कुठं पळून जाणार? पण दावणीला काही बांधल्याशिवाय आबांना झोप येत नाही. शिवाय सगळं जग मला 'ती' म्हणतं आणि आबा पहिल्या दिवसापासून 'हा' म्हणतात. मी कधी हरकत घेतली नाही. ज्यानं आपल्याला निवडलं, त्याला तेवढी मोकळीक द्यावी.

माझा जन्म आगीतला. पातळ पोलादी नळ्या लाल होईपर्यंत तापवून, सांध्यांत पितळ वितळवून मला जोडलं. ज्या कारागिरानं जोडलं, त्यानं शेवटी नखानं टिचकी मारली आणि नळीला कान लावला. मी घंटेसारखी वाजले. तो नुसता हसला. ते हसू मी जपून ठेवलं, कारण पुढं बरीच वर्षं माझ्याकडं बघून कुणी हसलं नाही.

पुण्यातल्या एका तरुणानं मला हौसेनं घेतलं तेव्हा वाटलं, आता डोंगर दिसणार. दिसली ती सातव्या मजल्यावरची बाल्कनी. तीन रविवार त्यानं मला फिरवलं. चौथ्या रविवारी माझ्या हँडलवर टॉवेल वाळत पडला, आणि पुढची चार वर्षं टॉवेलच पडत राहिले. मग घर बदलताना त्यानं मला कामशेतच्या गुलजारभाईंच्या दुकानात आणून सोडलं.

गुलजारभाई सायकली दुरुस्त करतात, विकतात, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना भाड्यानंही देतात. नव्या रंगीत सायकली पुढं मांडल्या जात. मी आतल्या हुकाला टांगलेली. सहा वर्षं. पण खोटं कशाला बोलू, त्या हुकावरून मागच्या खिडकीतून पवनेकडच्या डोंगराची वीतभर पट्टी दिसायची. सकाळी धुकं तिला पुसून टाकी आणि ऊन पुन्हा काढून दाखवी. सहा वर्षं रोज बघितली, पण कधी पुरे झाली असं वाटलं नाही.

अशात एका भाद्रपदात स्नेहल दुकानात आली.

स्नेहल ही रखमाजीआबांची सून. तिचा नवरा अमृत तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जातो, आणि ती औंढ्यात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर टपाल वाटते. सायकलवरूनच वाटते. दर थंडीत आपल्याकडं सह्याद्रीच्या माथ्यावरून पाच दिवसांची सायकल शर्यत असते. नियम कडक. पाचही दिवस सायकल एकच, बदलायची नाही. मोडली तर वाटेत जे मिळेल त्यानं नीट करायची. रोज सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं. नाही पोचलं, तर मागून शर्यतवाल्यांचा टेम्पो येतो आणि सायकलीसकट उचलून नेतो.

आदल्या वर्षी स्नेहल गेली होती. एका रिसॉर्टवाल्यानं त्याची हलकीफुलकी कार्बनची सायकल दिली होती. तिसऱ्या दिवशी ती दगडावर आपटली आणि मधोमध चिरली. पाय शाबूत, दम शाबूत, आणि स्नेहल टेम्पोतून घरी. टपाल वाटणाऱ्या बाईला तोंड लपवायला जागा नसते. तिला प्रत्येक दारात जावंच लागतं. आणि प्रत्येक दारात एकच विचारणा: "औंदा टेम्पो आधीच सांगितलास का गं?" घरात सासू नंदाबाईही सोडत नव्हत्या. भाकरी थापता थापता म्हणत, "जायाचं सायकलीवर आन् यायाचं टेम्पोत. त्यापरीस येष्टीनं जा की."

स्नेहल वरवर हसायची. पण यंदा पाचव्या दिवशी आपल्या चाकांवर घरी यायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

गुलजारभाईंनी दोन सायकली पुढं काढल्या. एक काळी, कार्बनची, एका बोटावर तोलावी अशी. दुसरी पिवळी, पुढंमागं दोन्हीकडं शॉकअप असलेली. स्नेहलनं मोबाइलवर बरंच बघून ठेवलेलं होतं. ती वजन, गिअर, ब्रेक विचारू लागली. आबा सोबत आले होते. ते स्टुलावर बसून दोन्हींकडं बैलबाजारात बघावं तसं बघत होते.

"आबा, तुमाला काय कळतंय ह्यातलं?" गुलजारभाईंनी थट्टा केली. "शिंगं न्हाईत ह्यांना."

"खोड तर आसंल," आबा म्हणाले. "गुलजार, बैलगाड्याची शर्यत किती टायमात संपती?"

"बारा-तेरा सेकंदांत."

"आन् हिची पाच दिस. मग हिला शर्यतीचा बैल दाखवून उपेग काय? नांगराचा दाखव." त्यांनी काठीनं काळीकडं खूण केली. "हिचं हाड मोडलं तर?"

गुलजारभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "कार्बन मोडलं की मोडलं, आबा. हितं कोण जोडणार?"

स्नेहलनं काळीवरचा हात काढून घेतला.

"आन् ही पिवळी?"

"ही दणकट. पण शॉकअपचं सील गेलं तर पुण्याहून मागवायचं. आठ दिवस धरा."

"आठ दिसांत शर्यत संपून म्हातारी व्हईल." आबांनी मान वर केली आणि त्यांची नजर माझ्यावर आली. सहा वर्षांत हुकाकडं कुणी बघितलं नव्हतं. "आन् ह्यो?"

"ती? लोखंडी, जुना माल. मोडलं तर कुठंबी डाग देऊन जोडून घ्या." गुलजारभाई हसले.

"मग काढ खाली."

"आबा, चार किलोनं जास्त हाय ती," स्नेहल कळवळली.

"म्हंजी पायलीभर तांदूळ. दिवाळीत टपालाची पिशवी काय हलकी असती व्हय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "ऐक, पोरी. माझ्या बापानं सांगितल्यालं. ज्याचं दुखणं गावात बरं व्हतं, तोच बैल घ्यावा. देखण्या बैलाचा डॉक्टर लांब ऱ्हातो."

पण आबा एवढ्यावर भुलणारे नव्हते. बाजारात बैल धुऊन उभा करतात, खरा बैल घामात बघावा, असं त्यांचं म्हणणं. गुलजारभाईंनी टायर, ब्रेक, चेन नवी घातली आणि मला आठ दिवसांच्या बोलीवर औंढ्याला पाठवलं. आबांनी स्नेहलला मला घेऊन पडीक भातखाचरात उतरवलं. ओढ्यातून नेलं, बांधावरून पाडलं, पुन्हा उचलायला लावलं. संध्याकाळी मी चाकापासून सीटपर्यंत लाल चिखलात. स्नेहल पाणी घेऊन आली, तर म्हणाले, "धुवू नगं. तसाच उभा ऱ्हाऊ दे. दमल्यावर चारा खातो का बघू."

सकाळी त्यांनी माझं पॅडल हातानं फिरवलं. वाळलेला चिखल झडला, चेन एकदा कुरकुरली आणि चाक फिरू लागलं. आबांनी कान लावून ऐकलं.

"खातोय," ते म्हणाले.

मित्रांनो, अशी माझी निवड झाली. आणि मग मी डोंगर बघितला.

काय सांगू तुम्हाला! खिडकीतल्या त्या वीतभर पट्टीला मी डोंगर समजत होते. ती एखाद्या मोठ्या माणसाच्या धोतराची नुसती किनार निघाली. शर्यतीच्या पहिल्या दिवशी राजमाचीच्या जंगलवाटेनं गेलो तेव्हा समोरचे कडे बघून माझ्या चाकाच्या तारा शहारल्या. दुसऱ्या दिवशी घाटमाथ्याच्या कडेला आलो आणि पुढं जमीनच संपली. खाली सगळं कोकण पांढऱ्या ढगात बुडालेलं, वर तेवढा एक डोंगर होडीसारखा. मागून लोक पुढं निघून जात होते, तरी स्नेहल थांबली. हँडलवरची तिची बोटं सैल झाली. मला कळलं, हिलाही ही शर्यत नुसती जिंकण्याहरण्याची नाही.

पण डोंगराहून मोठं नवल मला अजून बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी खडकातली अशी चढण आली की चाक टेकायला जागा नाही. स्नेहलनं मला उचललं आणि उजव्या खांद्यावर घेतलं. वाहनानं माणसाला वाहायचं, एवढंच मला ठाऊक. इथं ती मला घेऊन दगडामागून दगड चढत होती. माझी वरची नळी तिच्या खांद्यात रुतली होती. पोलादाची नळी आतून पोकळ असते, तिच्यात आवाज घुमतो. तिच्या छातीचे ठोके माझ्या अंगभर घुमत होते. ना गिअर, ना तेल, ना सुटा भाग मिळायची सोय, आणि हे यंत्र थांबत नव्हतं. मला माझ्या चौदा किलोंची लाज वाटली.

चौथ्या दिवशी माझंच हाड मोडलं.

पवनेच्या मागच्या बाजूच्या उतारावर एक दगड लागला आणि मागच्या चाकाला धरणारी माझी उजवी नळी तडकली. 'कट्' असा बारीक आवाज. स्नेहलला तो लगेच कळला. ती उतरली, बोट फिरवलं, आणि तिथंच दगडावर बसली. दुपार झाली होती. मुक्काम तीस किलोमीटर लांब. मागून टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर भला माणूस, हळूच म्हणाला, "ताई, टाकू का वर?"

तिच्या डोळ्यांपुढं औंढ्यातलं एकेक दार उघडत असणार. मी तरी काय करणार होते! निवडणाऱ्या म्हाताऱ्याचं नाक मीच कापलं होतं.

मग ती उठली. "दादा, खाली वाडी हाय ना? तितं फाटकं, ट्रॉल्या जोडणारं कोण हाय का?"

"आहे की. धम्मदीपचं शेड."

तिनं मला परत खांद्यावर घेतलं आणि पाऊण तास चालली. टेम्पो मागोमाग, रिकामा.

धम्मदीप पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॉलीचा हूक जोडत होता. चाळिशीचा माणूस, भुवया ठिणग्यांनी जळलेल्या. त्यानं तडा पाहिला नाही. आधी दुसऱ्या नळीवर नखानं टिचकी मारली आणि कान लावला. इतक्या वर्षांनी, मित्रांनो, कुणीतरी पुन्हा मला ऐकत होतं.

"लय पातळ हाय. करंटाचं वेल्डिंग केलं तर भोक पडंल," तो म्हणाला. "ज्यानं बनवली त्यानं पितळ लावलंय. आपुन बी पितळच लावू."

निळी ज्योत आली. मी पुन्हा लाल झाले. पितळाची कांडी वितळली आणि तड्यात शिरली, तहानेल्यानं पाणी प्यावं तसं मी ते प्यायले.

स्नेहल हात पुढं करणार, तोच तो ओरडला, "अंहं. पानी मारू नका, हात लावू नका. आपसूक थंड व्हऊ द्या. घाई केली की पुन्ना तडकंल."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

तो अर्धा तास अख्ख्या शर्यतीत सर्वांत अवघड. ऊन शेडच्या दारातून आत सरकत होतं. स्नेहल उभी राही, बसे, परत उभी राही. टेम्पोवाल्यानं सगळ्यांना चहा आणला, तो घेता घेता स्नेहलच्या टपालाच्या गोष्टी निघाल्या. धम्मदीपनं शेवटी हात लावून पाहिला आणि मान हलवली.

"पोचल्यावर कळवा," तो म्हणाला. "टपालवाल्या हाय ना तुमी? कारडच टाका. आमच्यात कारड येऊन वर्सं झाली."

पुढचे तीस किलोमीटर मला पुसटच आठवतात, कारण ती कशी चालवत होती ते मला अजून नीट समजलेलं नाही. मुक्कामाच्या तंबूंजवळ पोचलो तेव्हा तुंग किल्ल्याच्या कड्यामागं सूर्य बांगडीच्या काठाएवढा उरला होता. टेम्पो आमच्यामागं दहा मिनिटांनी आला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, उगाच, आनंदानं.

पाचव्या दिवशी शर्यत संपली. चाळीस जणांत स्नेहलचा नंबर एकतिसावा. तिथून ती माझ्यावर बसूनच औंढ्यात शिरली. लोक दारात आले. कुणी काही विचारलं नाही. ओट्यावर नंदाबाई उभ्या होत्या. त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं.

"टेम्पो कुटंय?"

"न्हाई आला, आत्याबाई."

नंदाबाई वाटेतून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "हातपाय धू. भाकरी झाकून ठिवलीया."

आबांनी माझ्या नळीवरचा पितळी डाग चष्मा लावून पाहिला. "शिंगाच्या टोकाला पितळंची शेंबी बसवावी तसा दिसतोय," म्हणाले, आणि मला दावणीला बांधून टाकलं. दुसऱ्या दिवशी स्नेहलनं धम्मदीपला कार्ड टाकलं. त्यात एकच ओळ होती: चाकांवर पोचले.

काल आमच्याकडं पोळ्याची आदली सांज होती. ह्या सांजेला बैलांची खांदेमळणी असते. जू वाहून वाहून कठीण झालेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. दोन वर्षं आमच्या गोठ्यात हळदलोण्याची वाटी आली नव्हती. काल आली. आबांनी माझ्या चेनला तेल घातलं, मग हळदलोणी माझ्या हँडलला लावलं, पितळी डागाला लावलं, आणि ते वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

मग त्यांचा हात थांबला. दारात स्नेहल उभी होती, रिकामी टपालपिशवी घेऊन. तिच्या उजव्या खांद्यावर माझ्या नळीनं पाडलेला घट्टा आहे. टपालाच्या वाटेवर ओढे ओलांडताना ती मला त्याच खांद्यावर घेते, म्हणून अजून गेलेला नाही.

आबांनी वाटी नंदाबाईंच्या हातात दिली. "ह्यानं पाच दिस वाहिलं. पर ह्याला ज्यानं वाहिलं, तो खांदा कोरडाच हाय बग."

नंदाबाईंनी वाटीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. "बस हितं," म्हणाल्या. स्नेहल माझ्या चाकाला टेकून खाली बसली. सासूबाईंनी सुनेच्या खांद्यावरचा पदर बाजूला करून बोटभर लोणी घेतलं आणि त्या घट्ट्यावर हळूहळू चोळू लागल्या. बराच वेळ. स्नेहलची पाठ माझ्या तारांना टेकलेली होती, म्हणून मला तेवढे ते ठोके पुन्हा ऐकू आले.

तर मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. चिखलातून आल्यावर आम्हाला पुसा, चेनला तेलाचा थेंब द्या, आणि हँडलवर टॉवेल वाळत घालू नका. आणि घरात ओझं वाहणारा एखादा खांदा असतोच, तेव्हा वाटीतलं थोडं लोणी त्याच्यासाठी राखून ठेवा.