पाहुण्यांपुरती चादर

मी एका दवाखान्यातील जुनी चादर आहे, मित्रांनो. आज माझ्या अंगावर चार ठिगळे आहेत. पण माझी पहिली सहा वर्षे कुलूपबंद कपाटात गेली. तपासणीचे पाहुणे येणार असले, की आम्हा तीस चादरींना बाहेर काढत. रोजच्या डागाळलेल्या चादरी खाटांखाली ढकलत. पाहुणे खूश होऊन वहीत कौतुक लिहीत. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली, की आमच्या पुन्हा घड्या!

मला मोठे कुतूहल वाटे. हे पाहुणे बघतात ते मला, की माझ्यावर निजलेल्या माणसाला?

एकदा मला पाय मोडलेल्या एका शिंपीआजोबांच्या खाटेवर अंथरले. त्यांनी माझा काठ चाचपला आणि ते गालातल्या गालात हसले. थोड्या वेळाने तपासणीच्या बाई आल्या. चादरी रोज बदलता का, असे त्यांनी विचारले. मोठे डॉक्टर घाईघाईने हो म्हणाले.

"बाई, हिची घडी आजच मोडलीय," आजोबा शांतपणे म्हणाले. "रेघा बघा ना. जन्म कापडात गेला माझा."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पडला. आता आजोबांची काही खैर नाही, असे मला वाटले. पण वॉर्डच्या नर्सबाई पुढे झाल्या. त्यांनी खाटेखालची चादर ओढून दाखवली. त्यांनी सांगितले, की धुण्याचे यंत्र नेहमीच बिघडे आणि आता आठ महिने बंदच होते; दवाखान्याचे नाव जाईल म्हणून कोणी कळवले नव्हते. तपासणीच्या बाईंनी ते सगळे लिहून घेतले. महिनाभरात नवे यंत्र आले.

पण त्याच संध्याकाळची गोष्ट मला अधिक आठवते. गडबडीत मला काढायचे राहून गेले होते. आजोबांची लेक भेटायला आली. एरवी ती यायच्या आधी आजोबा केस विंचरून ताठ बसत आणि आपण ठणठणीत असल्याचे सांगत, असे नर्सबाईंच्या बोलण्यातून मला कळले होते. त्या दिवशीही त्यांनी फणी हातात घेतली. मग तशीच खाली ठेवली.

"फार दुखतंय गं," ते म्हणाले. "डोळ्याला डोळा लागत नाही."

लेकीने फणी उचलून बाजूला ठेवली. मग उठून ती नर्सबाईंना घेऊन आली. डॉक्टरांना विचारून औषध बदलले आणि आजोबा गाढ झोपले. माझ्यावर कोणी रात्रभर झोपण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता मी रोज वापरात आहे. धुऊन धुऊन विरले आहे, त्याची खंत नाही. मित्रांनो, आम्हाला पाहुण्यांसाठी जपून ठेवू नका. आणि आजारी माणसाला भेटायला जाल, तेव्हा स्वच्छ चादर पाहून लगेच माघारी फिरू नका. थोडा वेळ खाटेशी बसा.