नबीच्या रिक्षापाशी थांबा

मी एक जुनी सायकल रिक्षा आहे, मित्रांनो, आणि मला सिटी बस अजिबात आवडत नाही. पुढे ऐकायचं तर एवढं आधीच माहीत असलेलं बरं.

अकोल्यात पातूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरून वर चढ चढलात की आमचा इमलीपुरा लागतो. तिथल्या चौकात, कडुनिंबाखाली, मी उभी असते. अन् हो, आमच्या वऱ्हाडात रिक्षा म्हणजे मी, पायडल मारून चालवायची. ती भुर्रकन धूर सोडत जाणारी तीनचाकी म्हणजे ऑटो. तिचं नाव मला लावाल तर याद राखा!

माझा मालक नबी. त्याने मला लाल रेक्झिनची सीट शिवून घेतली, हँडलला गोंडे बांधले. रोज सकाळी त्याची बायको कुलसुमबी बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन माझ्यावर बसायची आणि आम्ही तिघं बाजारात जायचो. "नबीची रिक्षा म्हणजे झुला हाय बापा," असं लोक म्हणायचे. काय थाट होता माझा!

मग ऑटो आले आणि माझी गिऱ्हाइकं पळाली. तेव्हा अंगाचा तिळपापड झाला, पण कुलसुमबी माझीच राहिली होती. पुढे नबीला दम्याने गाठलं आणि पायडल सुटलं. ऑटोवाले पुऱ्यात फिरकेनात, चढाला पेट्रोल जळतं म्हणायचे. कुलसुमबीचे गुडघे तर केव्हाच गेलेले. बाजार सुटला तर घरात चूल कशावर पेटणार?

तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या प्रणालीने पुऱ्यातल्या बायांना चौकात जमवलं. बससेवेचे नवे साहेब म्हणाले होते, बस कुठून न्यायची ते तुम्हीच ठरवा. बायांनी रांगोळीने आख्खा पुरा जमिनीवर काढला. कुठे जायचं झालं की आपण जिथे उभं राहतो, तिथे जिने तिने चिंचोका ठेवायचा. बघता बघता सगळे चिंचोके रांगोळीतल्या माझ्याच चाकापाशी जमले. मी फुगले! पण कुलसुमबी काय म्हणाली असेल?

"या अल्ला, बस आली पायजे. या खटाऱ्याच्या भरोशावर किती दिवस राहू?"

खटारा! मी! ज्या सीटवर ती इतकी वर्षं बसली, ती सीट एका न पाहिलेल्या बसपुढे खटारा झाली. त्या दिवसापासून मी त्या बसचा मत्सर करायला लागले.

थांबा कुठे हवा ते विचारायला साहेबांचा फोन आला, तो पुऱ्यातल्याच केशरबाईने प्रणालीच्या हातून ओढूनच घेतला. "थांबा ना? रिक्षापाशी द्या जी! लहान लेकरूबी सांगते, रिक्षापाशी!"

साहेब पुण्याकडचे. त्यांच्याकडे रिक्षा म्हणजे ऑटो. त्यांनी थांब्याची पाटी ठोकली ती खाली, मोठ्या रस्त्यावरच्या ऑटो स्टँडवर. मला इतका आनंद झाला की चाकात हवा असती तर नाचले असते. भोग आता, म्हटलं, घे तुझी बस.

पहिल्या दिवशी कुलसुमबी टोपली घेऊन उतार उतरायला लागली. अर्ध्यावर गुडघा मुडपला. बांगड्या खळकन रस्त्यावर पडल्या. तिला उचलून आणलं तेव्हा ती रडत नव्हती, नुसती रिकाम्या टोपलीकडे पाहत होती. माझा आनंद तिथेच विरला.

दुसऱ्या दिवशी नबीने माझ्या चाकांत हवा भरली. उरल्यासुरल्या बांगड्या टोपलीत घातल्या. "बस व. म्या सोडतो तुले."

मी जीव तोडून चालले, मित्रांनो. पण चौक संपायच्या आत त्याला खोकल्याची उबळ आली आणि चेन उतरली.

"छोडो जी, सांस फूल रही तुम्हारी," कुलसुमबी म्हणाली.

"काहून सोडू?" तो कसाबसा बोलला. पण पाय उचलेना.

मग केशरबाईने पदर खोचला. "ढकला व बायांनो! सायबाले दाखवूच रिक्षा कशाले म्हंते ते!" साऱ्या बायांनी मला मागे खेचत, सांभाळत उतारावरून खाली नेलं. वर कुलसुमबी, शेजारी धापा टाकत नबी. साहेब नवी बस पाहायला स्टँडवरच आले होते.

"हे काय आणलंत?"

"रिक्षा!"

"मग या?" त्यांनी स्टँडकडे बोट दाखवलं.

"तो ऑटो हाय जी!"

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि खो खो हसले. केशरबाईही हसली. "मलेच फोनवर इस्कटून सांगा लागत होतं." पाटी उपटून वर आणली, माझ्याच शेजारी रोवली. तिच्यावर लिहिलंय: नबीची रिक्षा.

आता कंडक्टर रोज माझ्या नावाने ओरडतो. सारा पुरा म्हणतो, रिक्षेचं नशीब फळफळलं. खोटं कशाला बोलू, माझं पोट अजून दुखतं. बस आली की कुलसुमबी लगबगीने चढते, खिडकीत बसते, आणि मागे वळूनसुद्धा पाहत नाही.

पण बस येईपर्यंत तिच्या गुडघ्यांना बसायला जागा लागते. तेव्हा ती पदराने माझी सीट झटकते आणि टोपली मांडीवर घेऊन माझ्यावर बसते, अगदी पहिल्यासारखी. म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. जुन्या वस्तूंवरची धूळ कधीमधी झटकत जा. आणि इमलीपुऱ्याची बस जरा उशिरा आली, तर तिच्यावर ओरडू नका.