पास झालेला प्लॉट

सानगडीचे मधुकरराव बियाण्याचा धान पिकवतात. कंपनीचा तपासनीस येणार म्हटलं की ते आदल्या दिवशी धानाच्या बांधीत उतरतात आणि उंच, बुटकं, वेगळ्या लोंबीचं जे झाड दिसेल ते उपटून कडेच्या धुऱ्यावर फेकतात. त्यांचा प्लॉट आजवर नापास झालेला नाही.

त्यामुळे नागपूरहून डॉक्टर येणार हे कळल्यावर त्यांनी जे केलं, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

डॉक्टर येणार होत्या नातीसाठी. पाच वर्षांची खुशबू बोलत नव्हती, कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हती, पांढऱ्या भाताशिवाय काही खात नव्हती. ऑटिझम आहे, एवढं कळलं होतं. तो येतो कुठून, हे शोधणारी ही मंडळी घरोघर रक्त घेत, डोकी आणि कान मोजत फिरत होती. खुशबूच्या आईला, तृप्तीला, पाचवा महिना होता. सासरे तिला ऐकू जाईल अशा बेतानं "बाहेरचं बियाणं" म्हणायचे. हे खरंच आपल्याकडून आलं का, आणि येणाऱ्या लेकराचं काय, एवढंच तिला विचारायचं होतं. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "घरातले सगळे हजर पाहिजेत. कोणी वेगळं असेल तर ते आधी."

आदल्या दिवशी मधुकररावांनी धाकट्या भावाला, धनीरामला, मोटारसायकलवर बसवून आसगावच्या पाहुण्यांकडे पाठवलं. धनीराम पन्नाशीचा, बिनलग्नाचा. बोलत नाही, बघत नाही, पांढरा भात खातो.

"मामाजी, काकाजीले काहून धाडलं जी?" तृप्तीनं सासऱ्यांना विचारलं.

"उद्या तपासणी आहे ना," मधुकरराव म्हणाले.

उरलेलं कुटुंब ओळीत उभं राहिलं. डॉक्टर कामिनींनी टेपनं डोकी मोजली, दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं, कानांचे फोटो काढले. मग विचारलं, "खुशबूसारखं घरात आणखी कोणी?"

"आहे," तृप्ती म्हणाली.

मधुकरराव खोकले.

"कोण?"

तृप्तीनं नवऱ्याकडे बघितलं. भुपेंद्रनं बापाकडे बघितलं.

"बैल," भुपेंद्र म्हणाला. "कोनाचंच आयकत नाई."

"मी रक्ताच्या नात्यातलं विचारतेय."

"नाई जी. तो बाजारातून आनला."

तृप्तीला आठवा लागला तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. फोन मधुकररावांच्या हातात, स्पीकरवर. रक्तात ठोस काही सापडलं नव्हतं. वडिलांच्या घरात असं दुसरं कोणी नाही, तेव्हा आता आईकडची माणसं तपासावी लागतील. पुढच्या बाळाचं काही सांगता येत नाही. तृप्ती पुढे सरकेपर्यंत मधुकररावांनी "थँक यू" म्हणून फोन कापला.

"पास झालो," ते म्हणाले आणि त्यांनी भुपेंद्रला पेढ्यांसाठी लाखनीला पिटाळलं.

तो परत आला तशी तृप्तीनं त्याला दारातच गाठलं. "आयका ना, डॉक्टरले फोन लावा. काकाजीचं सांगा."

"पास झालेला प्लॉट परत कोनी दाखवते का? बाबा जीव घेतीन."

ओसरीवर तपासणीनंतर परत आणलेला धनीराम आणि खुशबू शेजारी शेजारी बसून एकमेकांकडे न बघण्यात रमले होते. तृप्तीनं दोघांपुढे ताट धरलं. दोघांनी एकेक पेढा उचलला, कानाशी नेऊन जरा ऐकला, हुंगला आणि अलगद ताटात परत ठेवला.

तृप्तीनं पोटावर हात ठेवून सासऱ्यांकडे बघितलं.

"पेढा खराब असन," मधुकरराव म्हणाले.