तिसऱ्यांदा वाजलेली घंटी

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला सायकलची जुनी घंटी बसवलेली आहे. घरात ज्याला कुणाला काही नवं उमगेल, त्याने ती वाजवायची, एवढीच आमच्या घरच्या शाळेची शिस्त. विद्यार्थिनी एकच, माझी नऊ वर्षांची नात ठमी.

मग सरकारने कायदा आणला. शिकायचं ते शाळेतच. एका घरात शिकण्याच्या तीन घटना नोंदल्या गेल्या, की तिसऱ्या वेळी शिकणाऱ्याची रवानगी वर्षभर निवासी शाळेत. देखरेखीसाठी सोमवारी सकाळी दहाला एक निरीक्षक आले. हातात नोंदवही, कोटाचं मधलं बटण गायब.

"आजोबा, तुमचं चालू द्या. इथे कुणी काही शिकत नाही ना, एवढंच मी बघणार."

"किती दिवस?"

"शुक्रवारी पाचपर्यंत. चहा चालेल."

मी ठमीला बजावलं, "पाच दिवस काही म्हणजे काही शिकायचं नाही." बिचारी हाताची घडी घालून भिंतीकडे तोंड करून बसली. मंगळवारी तिला दिसलं, की भिंतीवरची मुंगी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक मुंगीपाशी थांबते. ती उठून धावली. ट्रिंग!

"ठमे!"

"सवयीने हो, आजोबा!"

"घटना पहिली," निरीक्षक म्हणाले. "विषय मुंग्या."

बुधवारी तिच्या आईने तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. दुपारपर्यंत ठमी नुसत्या पावलांवरून माणसं ओळखायला लागली. ट्रिंग!

"अहो, न शिकता कसं बसायचं ते पोरीला शिकवा ना!" निरीक्षक वैतागले.

"शिकवलं, तर तीच तिसरी घटना होईल," मी म्हणालो.

घंटी काढायला तिची आई पाना घेऊन आली, तेव्हा त्यांनी अडवलं. "ताई, पुराव्याला हात लावायचा नाही."

शुक्रवारी आईने ठमीची ट्रंक भरून ठेवली. न जाणो. ठमी कानात कापूस घालून, डोळे मिटून बसली होती. साडेचारला निरीक्षकांनी खिशातून ते तुटलेलं बटण काढलं आणि माझ्याकडे सुई-दोरा मागितला. साहेबांपुढे असं जायचं नव्हतं म्हणे. चौदा वेळा दोरा सुईला चुकवून गेला.

ठमीने एक डोळा किलकिला केला. बटण लावणं तिला केव्हाचं येतं, त्यामुळे धोका नव्हता.

"काका, टोक ओलं करा. हं. आता खालून वर. अहो, बोट बाजूला! शेवटी बटणाच्या मानेला तीन वेढे."

त्यांनी वेढे घातले, गाठ मारली, बटण ओढून पाहिलं. हललं नाही.

"बसलं! अहो आजोबा, बसलं!" म्हणत ते उठले, दारापाशी गेले आणि... ट्रिंग!

पाचाला पाच कमी होते.

"चुकून हात लागला असेल," मी म्हणालो.

"नाही हो. आलं मला ते." त्यांनी वही उघडली. घटना तिसरी, विषय बटण. शिकणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली सहीही केली.

सोमवारी ते ठमीचीच ट्रंक घेऊन गेले. कपडे तेवढे बदलले.

काल त्यांचं पत्र आलं. "वर्गात मी शेवटच्या बाकावर बसतो, पुढच्या बाकांत पाय मावत नाहीत. इथली घंटा दर तासाला वाजते. वाजली की मी वळून बघतो, कुणाला काय आलं ते."