दुमडलेला परिच्छेद

"पहिला परिच्छेद मागे दुमडा," तिने सांगितलं आणि अठ्ठावीस कागद एकदम कुरकुरले. "आता उरलेलं वाचा. कुठे काही अडलं?"

"नाही, मॅडम."

"मग दुमडलं ते काय होतं?"

"नमनाला घडाभर तेल!" वर्ग एका सुरात ओरडला.

वाचनालय सुट्टीच्या दिवशीही उघडं असावं की नसावं, यावर मुलांनी निबंध लिहिले होते. त्यातल्या एकोणिसांची सुरुवात 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी होती. स्वतःच्या लिखाणाला कात्री लावताना हात कचरतो, म्हणून तिने गठ्ठा पिसून ज्याचा त्याला न देता भलत्यालाच वाटला होता. कागदावर नाव नाही, फक्त हजेरी क्रमांक.

"मॅडम, याचं तर सगळंच दुमडावं लागलं," खिडकीजवळचा एकजण म्हणाला. "शेवटचं 'अशा प्रकारे' तेवढं उरलंय."

हशा पिकला. तीही हसली, पण नजर टेबलावरच्या फोनकडे गेलीच. पाळणाघरातून काही आलं नव्हतं. तरी आवाज चालू आहे ना, ते तिने पुन्हा एकदा बघून घेतलं.

"काय हवंय ते पहिल्या दोन ओळींत सांगा. समोरचा काय म्हणेल, तेही ओळखून असा. घाबरत घाबरत दार वाजवलं, तर आतला माणूस उठतच नाही."

मागच्या बाकावरून हात वर झाला. या मुलीला सगळे वकील म्हणत, अगदी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा. हरकत घेतल्याशिवाय तिचा दिवस जात नसे.

"मॅडम, या कागदावर क्रमांक नाही."

ती बाकांमधून तिथवर गेली आणि कागदावर वाकली. अक्षर तिचं स्वतःचंच होतं. प्राचार्यांना द्यायचा अर्ज, कालपासून चौथ्यांदा लिहिलेला, निबंधांच्या गठ्ठ्यात गेला होता. वकिलाने त्याला तीन घड्या घातल्या होत्या. 'आपल्या अडचणींची मला जाणीव आहे' ही पहिली. 'आजवर मी कधी सवलत मागितली नाही' ही दुसरी. 'कृपया गैरसमज नसावा' ही तिसरी. वर उरलं होतं ते एवढंच: 'माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. पाळणाघर सकाळी साडेसहाला उघडतं, चारला बंद होतं. माझा शेवटचा तास सव्वाचारला संपतो.'

रोज ती धापा टाकत पोचायची, तेव्हा पाळणाघरातल्या मावशी एका हातात कुलूप आणि कडेवर बाळ घेऊन पायरीवर उभ्या असायच्या. "एक तारखेपासून नाही जमायचं हं, बाई," असं काल त्यांनी सांगून टाकलं. एक तारीख सोमवारीच होती. तास हलला नाही, तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

तिने कागदाला हात घातला. वकिलाने तो लगेच सोडला नाही.

"बरा लिहिलाय," वकील खालच्या आवाजात म्हणाली, जणू वर्गातल्याच कुणाचा निबंध. "तीन घड्या पडल्या, पण चौथा परिच्छेद भक्कम आहे. फक्त समोरच्याचं म्हणणं नाही आलं."

"काय म्हणेल समोरचा?"

"मग या वर्गाचा शेवटचा तास घ्यायचा कधी?" वकील नखाने बाक कोरत राहिली. "त्यावर लिहिता येईल की वर्ग सकाळी पाऊण तास लवकर यायला तयार आहे. म्हणजे, लिहिणाऱ्याने विचारलं तर."

खिडकीजवळच्याने मान वळवली. "पाऊण तास? आणि माझी झोप?"

"ती पहिल्या तासाला होतेच की तुझी."

मॅडमनी घसा साफ केला, मग तो साफ केल्याचं तिचं तिलाच हसू आलं. वर्गाकडे वळून तिने सरळ विचारलं. हात वर झाले. काही लगेच, काही शेजाऱ्याने कोपर मारल्यावर. खिडकीजवळचा हात सगळ्यात शेवटी.

मधल्या सुट्टीत तिने कोरा कागद घेतला. 'माझा शेवटचा तास सकाळी सव्वासातला ठेवावा, ही विनंती.' खाली बाळ, पाळणाघर आणि वर्गाची तयारी, एवढंच. मग पहिली ओळ तळहाताने झाकून उरलेलं वाचलं. काय हवंय ते काही कळेना. तिने समाधानाने हात उचलला.

प्राचार्यांच्या खोलीबाहेर शिपाईकाका उठून आडवे आले. "सर निघालेत, मॅडम. दोनच मिनिटं आहेत."

"एवढी लागायची नाहीत, काका," ती म्हणाली आणि आत ऐकू जाईल असं दार वाजवलं.