पाचदा खंडोबा

"आपल्या नेट सेंटरवर साईट बंद पडूच शकत न्हाई!" शिरूर कासारच्या तानाजीनं दारातल्या गर्दीला ठणकावलं आणि धनश्रीचा नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म उघडायला घेतला. फॉर्म भरलेला होता, शेवटचं बटण तेवढं दाबायचं.

मोडेमला लिंबू-मिरची, कोपऱ्यात पाटावर बद्रीनाथ महाराज. त्यांनी घालून दिलेला नेम म्हणजे, शुभ कामाआधी पासवर्डच्या चौकटीत पाचदा खंडोबाचं नाव टाकायचं. तानाजीनं टाकलं. पाचव्या खंडोबाला पडदा पांढराफटक.

"बाधा!" गर्दीनं हात जोडले.

"वायरीतून शिरलीय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "फायबरची हडळ हाय, लई चपळ. तासाभराचा पाठ लागंल."

धनश्रीनं घड्याळ पाहिलं. चार वीस झालेले, मुदत पाचची. प्रवेश हुकला की दिवाळीनंतर आईबापासंगं ऊसतोडीला जायचं.

"महाराज, तासभर वेळ न्हाई हो!"

"हडळीला घड्याळ कळत न्हाई, पोरी." महाराजांनी पाठ सुरू केला.

तिनं शाळेतल्या कम्प्युटरच्या वनमाला मॅडमना फोन केला. मॅडम धापा टाकत आल्या.

"तानाजीभाऊ, नाव कितीदा टाकता?"

"पाचदा."

"आणि पाठ?"

"एक तास. मग साईट आपोआप उघडती!"

"आपोआपच उघडती! चोर लोक पासवर्ड धडाधड टाकून बघतेत. म्हणून एका इंटरनेट पत्त्यावरून पाच चुका झाल्या, की कॉलेजच्या सर्व्हरचा राखणदार, म्हणजे फायरवॉल, तो पत्ता तासभर बंद करतं. तुमच्या सगळ्या कम्प्युटरांचा पत्ता एकच. खंडोबाचं नाव हा काय धनश्रीचा पासवर्ड हाय का?"

मॅडमनी कम्प्युटर स्वतःच्या फोनच्या नेटला जोडला; त्याचा पत्ता वेगळा. पान लगेच उघडलं.

"माझ्या पाठानं उघडलं!" महाराज ओरडले.

"अजून अर्धा पाठ उरलाय, महाराज," मॅडम म्हणाल्या.

गर्दी हसली. महाराज चपला शोधायला लागले.

"बाबांनो," मॅडम म्हणाल्या, "काई अडलं की आधी इचारा, कावून अडलं? आपण शेवटी काय केलतं? हात मग जोडा."

"पटलं, मॅडम!" तानाजी गहिवरून कीबोर्डपुढं बसला. धनश्री वहीत पासवर्ड बघत होती. तेवढ्यात त्याची बोटं सवयीनं चालली.

"काका, थांबा!"

पाचवा खंडोबा पडला होता. पडदा पांढरा; मॅडमच्या फोनचा पत्ताही बंद. पाचला दोन मिनिटं कमी.

दुसरा फोन जोडेस्तोवर पाच वाजून एक मिनिट झालं. पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं : मुदत संपली आहे.